रे. नारायण वामन टिळक

उपासनासंगीतातील कितीतरी पदे ज्यांची, त्या रे. टिळकांच्या चरित्रातील एकच गोष्ट आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

कोकणातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या कवीचा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा झाला. नातलग दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई यांचाही काही वर्षे वियोग घडला. तथापि बाळपणी कानी पडलेले अभंग व ओव्या त्यांनी टाकून दिल्या नाहीत. मंडळ्यांत परकी चालींची गीते पुष्कळ होती; टिळकांनी ज्ञानोबा-तुकोबांच्या वाणीत ख्रिस्ताचे स्तवन केले आणि कीर्तनातून शुभवर्तमान सांगितले. जे मागे सोडावे लागेल असे वाटले होते, तेच प्रभूने त्यांच्या स्फूर्तीचा झरा केले.

ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभिले. परंतु सुमारे दहा अध्याय झाले असता ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले. ज्यांना त्यांनीच वाचावयास शिकविले होते, त्या लक्ष्मीबाईंनी उरलेला ग्रंथ पुरा केला.

उपदेशक बंधूंनो, आपल्या भगिनींची जात्यावरील ओवी व गावचे भजन आपण तुच्छ लेखू नये. प्रभूला अर्पिलेली आपली मायबोली त्याला प्रिय आहे, असे आम्हांस वाटते.