बिनी, अंबाझरी आणि नगराचा जमाखर्च

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि सीताबर्डीच्या सखल भागात पाणी शिरले. मोरभवन बसस्थानकातील गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, दुकानांतला माल भिजला आणि शहरात मनुष्यहानीही झाली. त्या दिवशी ज्या तलावाकडे साऱ्यांचे लक्ष वेधले गेले, त्याच तलावाच्या पाणलोटात दीडशे वर्षांपूर्वी एका तरुण अभियंत्याने पावसाच्या थेंबाथेंबाचा हिशेब मांडला होता. सर अलेक्झांडर बिनी हे त्याचे नाव. जलविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असते; ज्या शहरात त्याने हा हिशेब मांडला, त्या शहराला मात्र त्याचा विसर पडला आहे.

बिनीचा जन्म १८३९ साली लंडनमध्ये झाला. वेल्समधील रेल्वेच्या कामांवर उमेदवारीची वर्षे काढून तो १८६८ साली हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाला आणि मध्य प्रांतात आला. नागपूरची नगरपालिका तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. शहराला शुद्ध पाणी देण्याचे काम बिनीकडे आले. भोसलेकालीन अंबाझरी तलावाचा बांध उंचावून तेथील पाणी शहरात आणण्याची योजना त्याने आखली व १८७० नंतरच्या दोनतीन वर्षांत ती प्रत्यक्षात उतरवली. वरोऱ्याच्या परिसरातील कोळशाच्या शोधातही त्याचा हात होता.

परंतु त्याचे खरे मोठेपण बांधकामाइतकेच मोजमापात होते. तलावात पाणी किती येईल, हे अंदाजाने ठरवण्याची त्या काळची रीत त्याला मान्य नव्हती. सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर पडणारा पाऊस आणि तेथून प्रत्यक्ष वाहून येणारे पाणी त्याने १८६९ व १८७२ या दोन वर्षी मोजले. त्यावरून निघालेले प्रमाण 'बिनीची टक्केवारी' म्हणून पुढे विदर्भ व मध्य प्रदेशातील जलाशयांच्या आखणीत वापरले गेले. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यातला १५ टक्के वाहून येतो. १००० मिलिमीटर झाला तर ३८ टक्के. म्हणजे पाऊस दुप्पट झाला की वाहून येणारे पाणी पाचपट होते. नागपूरच्या या कामावरील प्रबंधासाठी लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने १८७५ साली त्याला टेलफर्ड पदक दिले.

त्याच वर्षी तो ब्रॅडफर्डचा जलपुरवठा अभियंता झाला. तेथे असतानाही पावसाचा अभ्यास त्याने सोडला नाही. जगभरच्या नोंदी तपासून १८९२ साली त्याने असा निष्कर्ष मांडला की, एखाद्या ठिकाणच्या पावसाची विश्वासार्ह सरासरी हवी असेल, तर सुमारे ३५ वर्षांच्या नोंदी हाताशी हव्यात. वर्षभराच्या अंदाजपत्रकापलीकडे न पाहणाऱ्या कोणत्याही नगरसभेने मनावर कोरून ठेवावा, असा हा धडा आहे.

१८९० साली तो लंडन काउंटी कौन्सिलचा मुख्य अभियंता झाला. बॅझलगेटने बांधलेली भव्य मलवाहिनी तेव्हा उणीपुरी तीस वर्षांची होती. तरीही वाढत्या वस्तीपुढे ती अपुरी पडू लागली होती. १८९१ साली सर बेंजामिन बेकर यांच्यासह बिनीने तिची तपासणी केली आणि नव्या वाहिन्यांची शिफारस केली. बांधकाम कितीही उत्तम असले तरी ते एकदाच करून भागत नाही, हे लंडनने त्याच्याकडून ऐकले आणि पुढे त्यासाठी पैसेही मोजले. १८९७ साली टेम्स नदीखालचा ब्लॅकवॉल बोगदा खुला झाला. त्याच वर्षी बिनीला 'सर' ही पदवी मिळाली. हा बोगदा, तसाच १९०२ चा ग्रीनिचचा पादचारी बोगदा, नागरिकांसाठी विनामूल्य ठेवण्यात आला. पूर्व लंडनच्या कष्टकऱ्यांना नदी ओलांडण्यासाठी पैसे पडू नयेत, हा त्यामागील विचार. खर्च मात्र कोणाला तरी करावाच लागतो. तो करदात्यांनी उचलला. पुढे २०२५ साली ब्लॅकवॉलवरही पथकर बसला. १९०५ साली अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपद भूषवून बिनी १९१७ साली निवर्तला.

नागपूरची कथा येथून पुढे निराळी होते. कन्हान व पेंचचे पाणी आल्यावर अंबाझरीवर शहराची तहान अवलंबून राहिली नाही आणि जे उपयोगाचे नाही त्याच्या देखभालीचा खर्च सर्वांत आधी कापला जातो. तलाव मात्र आपले दुसरे काम, म्हणजे पुराचे पाणी थोपवण्याचे, मुकाट्याने करीतच राहिला. पाणलोटात वस्त्या वाढल्या, मोकळ्या मातीच्या जागी काँक्रीट आले, नाग नदीचे पात्र आकसले. २०२३ च्या पुरानंतर धरणाची मजबुती आणि सांडव्यासमोरील बांधकाम हे प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले.

यामागे पैशाचे कारण आहेच. नगरपालिकेच्या उत्पन्नाचा जुना आधार असलेली जकात २०१३ साली गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही टिकला नाही आणि वस्तू व सेवा कर आल्यापासून महानगरपालिकेची भिस्त शासकीय अनुदानावर वाढली. अनुदान सहसा नव्या कामाला मिळते. नव्या कामाचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते. भिंतीतली भेग बुजवण्याचा समारंभ कोणी करीत नाही. साहजिकच मालमत्ता दरवर्षी झिजते, पण त्या झिजेची तरतूद अंदाजपत्रकात दिसत नाही. व्यापारी आपल्या यंत्राचा घसारा वहीत मांडतो; नगराने तलाव, पूल आणि नाले यांचा घसारा का मांडू नये? मालमत्ता कराचा एक ठरावीक हिस्सा केवळ देखभालीसाठी राखून ठेवला आणि तो दुसरीकडे वळवण्यास मज्जाव केला, तर हा प्रश्न निम्मा सुटेल. उरलेला निम्मा नियमित मोजमापाचा आहे.

टाळलेली दुरुस्ती ही बचत नव्हे. ते पुढच्या पिढीच्या नावावर काढलेले कर्ज आहे. सीताबर्डीच्या दुकानदारांनी २०२३ साली त्याचा एक हप्ता फेडला. बिनीने दोन पावसाळे मोजले, ते पुढच्या शतकासाठी. त्याच्या वारसांनी निदान दर पावसाळ्यापूर्वी बांधावरून एकदा चालत जावे आणि जे दिसेल त्याची नोंद खर्चाच्या वहीत करावी.