सेटच्या पोटातला कापडवाला: हान्स पीटर लून

पायथनच्या सेटमध्ये लाखो नोंदी असू द्या, एखादी आहे की नाही हे लगेच कळतं. या युक्तीचं सगळ्यात जुनं टिपण हान्स पीटर लून यांचं. जन्म 1896, जर्मनीतलं बार्मेन. आधी कापडधंदा, धागे मोजायचं साधनही त्यांनी बनवलं. 1941 मध्ये आयबीएममध्ये आले.

जानेवारी 1953 मध्ये त्यांनी कंपनीतल्या कंपनीत सुचवलं: यादी चाळत बसू नका, नोंदीवरूनच एक आकडा काढा आणि त्या आकड्याच्या कप्प्यात ती ठेवा. शोधताना तोच आकडा, तोच कप्पा. दोन नोंदी एकाच कप्प्यात आल्या तर? लून यांनी त्यांची साखळी केली. पायथनचा सेट मात्र साखळी करत नाही. तो आधी शेजारचे काही कप्पे बघतो, कारण शेजारची मेमरी बहुतेक वेळा प्रोसेसरच्या कॅशमध्ये आलेलीच असते. मग लांब उडी मारतो. साधारण 60 टक्के कप्पे भरले की टेबल मोठं होतं.

ते टिपण आतच राहिलं. या विषयावरचा पहिला छापील लेख 1956 मध्ये आला, तोही दुसऱ्याचा, अरनॉल्ड ड्युमी यांचा. हा अन्यायच म्हणायचा. लून 1964 मध्ये वारले. लोकांना ते माहीत आहेत (तेही थोड्यांनाच) ते डेबिट कार्डाचा नंबर चुकीचा टाकला की पकडणाऱ्या सूत्रामुळे.