इंटर नापास ते प्राचार्य : नरहर कुरुंदकर

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य आणि महाराष्ट्रातील अग्रगण्य विचारवंत म्हणून नरहर कुरुंदकर सर्वांना परिचित आहेत. मात्र हाच विद्वान विद्यार्थिदशेत इंटरच्या परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झाला होता, हे नव्या पिढीतील फार थोड्यांना ठाऊक असते. गुणांऐवजी विद्यार्थ्याने प्रत्यक्षात काय आत्मसात केले हे पाहावे, असा आग्रह आज शिक्षणक्षेत्रात धरला जात असताना त्यांच्या जीवनाचा हा भाग पुन्हा पाहण्याजोगा आहे.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे झाला. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेले हे गाव आता हिंगोली जिल्ह्यात आहे. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राजवटीखाली होता. उच्च शिक्षणासाठी ते हैदराबादला गेले. उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक असलेले डॉ. ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे मामा. या सहवासात त्यांना ग्रंथांची गोडी लागली. पाठ्यक्रमाच्या चौकटीत मात्र त्यांचे मन रमले नाही. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि राजकारण यांचे वाचन वाढत गेले, पण परीक्षेचे गणित जमले नाही.

गुणपत्रिकेपुरते पाहिले असते, तर हा तरुण अपयशी ठरला असता. परंतु १९५५ मध्ये नांदेडच्या प्रतिभा निकेतन हायस्कूलमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. वर्गात आणि व्याख्यानांत त्यांची विद्वत्ता लोकांना दिसू लागली. पुढे त्यांनी पदवी व पदव्युत्तर शिक्षणही पूर्ण केले. १९६३ मध्ये ते पीपल्स कॉलेजमध्ये मराठीचे अध्यापक झाले आणि १९७७ मध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या संस्थेत त्यांनी अखेरपर्यंत काम केले.

'रूपवेध', 'मागोवा', 'जागर', 'शिवरात्र', 'धार आणि काठ' ही त्यांची ग्रंथसंपदा. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीची त्यांची प्रस्तावना आजही आवर्जून वाचली जाते. नाट्यशास्त्र, संगीत, मनुस्मृती, धर्मनिरपेक्षता अशा नाना विषयांत त्यांनी अधिकाराने लेखन केले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे एका कार्यक्रमात व्यासपीठावरच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४९ वर्षांचे होते.

त्याच वर्षी १६ ऑगस्ट रोजी शेजारचा लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे गुणवत्ता याद्यांमुळे 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजला आणि नांदेडमध्येही शिकवणी वर्गांचा विस्तार झाला. सामान्य घरांतील असंख्य मुले त्या बळावर डॉक्टर, अभियंता झाली, हे नाकारता येणार नाही. मात्र या शर्यतीत मागे पडणाऱ्या मुलाची पारख कोणी करायची, हा प्रश्न तसाच राहिला. राज्यात २०१० पासून प्राथमिक स्तरावर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने समग्र प्रगती पत्रकाची शिफारस केली. 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्द शिक्षकांच्या नोंदवह्यांत रुळला.

नोंदवहीतील रकाने भरले म्हणजे मूल्यमापन झाले, असे मात्र नव्हे. निष्पत्ती ओळखायला ती जाणणारा शिक्षक लागतो. कुरुंदकरांच्या वेळी असे कोणतेही पत्रक नव्हते. तरीही नांदेडच्या एका शाळेने इंटर नापास तरुणाच्या हाती खडू दिला. त्या एका निर्णयाने मराठवाड्याला काय मिळाले, याची मोजदाद कोणत्याही गुणपत्रिकेत होणार नाही.