पुंगळीच्या बुडाला दोन भोकं पाडली अन् हिराम बर्डनचं नाव जगभरात पोचलं

काडतूस म्हटलं की आपल्याला शाळेतला इतिहास आठवतो. १८५७, मंगल पांडे आणि दातांनी फाडायची ती कागदी काडतुसं. त्यानंतर अवघ्या दहा-पंधरा वर्षांत जगभरातल्या सैन्यांनी कागद सोडून धातूची काडतुसं हातात घेतली. या बदलात ज्याचा मोठा वाटा होता, त्या माणसाचं नाव हिराम बर्डन.

जुनी लष्करी काडतुसं ओळखणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहिती असतं. पण या नावामागचा माणूस कोण होता?

बर्डनचा जन्म १८२४ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या फेल्प्स गावचा. शिकला यंत्रांचं काम आणि डोकं सतत नव्या यंत्रांत. सोन्याचा दगड भरडायचं यंत्र त्याने बनवलं, पाव भाजायची यांत्रिक भट्टीही बनवली. पैसा आला, नाव झालं. आणि या सगळ्यासोबत एक शौक होता, नेमबाजीचा. देशातल्या सगळ्यात चांगल्या नेमबाजांत त्याची गणती व्हायची.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. बर्डनने सरकारपुढे कल्पना मांडली की फक्त अचूक नेमबाजांच्या तुकड्या उभ्या करू. भरतीची अट साधी पण कडक होती. २०० यार्डांवरून दहा गोळ्या झाडायच्या आणि त्या दहाच्या दहा १० इंच व्यासाच्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. एक जरी बाहेर गेली तर घरी जा.

यातून दोन रेजिमेंट उभ्या राहिल्या. बाकीचं सैन्य निळ्या कपड्यांत लढत होतं, तेव्हा बर्डनची पोरं झाडीत दिसू नयेत म्हणून हिरव्या गणवेशात होती. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यासमोर बर्डनने स्वतः नेमबाजी करून दाखवली, असा किस्साही सांगितला जातो.

१८६३ साली गेटिसबर्गच्या लढाईत या हिरव्या तुकड्यांनी नाव कमावलं. पण बर्डनबद्दल मात्र दोन मतं होती. कल्पना त्याची भारी, पण रणांगणावर नेतृत्व करायला तो कच्चा आहे, असं त्याच्याच काही अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. १८६४ च्या सुरुवातीला त्याने राजीनामा दिला आणि तो परत यंत्रांकडे वळला.

खरा खेळ इथून सुरू झाला

आधी काडतुसाची रचना समजून घेऊ. वर गोळी, खाली पितळेची पुंगळी, पुंगळीत दारू आणि बुडाला एक छोटी टोपी, म्हणजे प्राइमर. चाप ओढला की पिन या टोपीवर आदळते. टोपीतलं रसायन आतल्या एका टोकावर चेपलं जाऊन पेटतं. त्या टोकाला ऐरण म्हणू, कारण काम तेच. ठिणगी भोकातून आत जाते, दारू पेटते आणि गोळी सुटते.

१८६६ साली बर्डनने पेटंट घेतलं. त्याच्या रचनेत ऐरण पुंगळीतच घडवलेली असते आणि तिच्या बाजूला सहसा दोन बारीक भोकं असतात. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये वूलिचच्या सरकारी प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी वेगळी रचना आणली. त्यांची ऐरण टोपीच्या आतच बसते आणि पुंगळीला मधोमध एकच भोक असतं.

आता गंमत बघा. अमेरिकन बर्डनची पद्धत युरोपच्या सैन्यांनी उचलली, इंग्रज बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली.

मधोमध एकच भोक असेल तर पुंगळीच्या तोंडातून सळई घालून वापरलेली टोपी सहज ढकलून काढता येते. नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी भरली की काडतूस परत तयार. यालाच रीलोड म्हणतात. बर्डनच्या पुंगळीत मधे ऐरण आडवी येते, त्यामुळे हे काम किचकट होतं. सैन्याला त्याची फिकीर नव्हती. त्यांना पुंगळ्या परत भरायच्याच नव्हत्या.

मग जुनं काडतूस ओळखतात कसं?

आधी बुडावरचा शिक्का बघतात. त्यावर कारखान्याची खूण आणि बहुतेक वेळा वर्ष असतं. इथे पुण्याचा संबंध येतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथल्या थ्री नॉट थ्री काडतुसांवर रोमन लिपीतली के आणि एफ ही अक्षरं दिसतात. या पुंगळ्यांच्या आत डोकावलं तर बर्डनची दोन भोकं सापडतात.

पण शिक्का फक्त पुंगळीचं वय सांगतो. आतली दारू कोणी, कधी भरली हे तो सांगत नाही. म्हणून जाणकार आणखी खुणा तपासतात. लष्करी काडतुसात टोपी निसटू नये म्हणून तिच्या कडेने धातू चेपलेला असतो आणि ओल शिरू नये म्हणून रंगीत लाखेचं कडं असतं. पुंगळी जुनी काळवंडलेली आणि टोपी मात्र नवी चकचकीत, चेपलेली कड खरवडलेली, एकाच डब्यात वेगवेगळे शिक्के, कडेवर आधी झाडल्याचे ओरखडे, असं काही दिसलं की रीलोडचा संशय घ्यायचा.

यात धोका काय? रीलोडमध्ये कुठली दारू किती भरलीय हे बाहेरून कळत नाही. जास्त झाली तर बंदूकच फुटते, आणि ती झाडणाऱ्याच्या तोंडासमोर असते. जुन्या अस्सल मालाचीही वेगळी भानगड आहे. त्या काळच्या बऱ्याच टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळी गंजते. हा क्षार नुसत्या तेलाने जात नाही, त्याला पाणी लागतं.

बर्डनचं पुढे काय झालं? त्याने रायफलही बनवली. रशियाने १८६८ आणि १८७० साली तिची दोन मॉडेल स्वीकारली. रशियन लोक तिला लाडाने बर्डांका म्हणू लागले आणि सैन्यातून निवृत्त झाल्यावर ती शिकाऱ्यांच्या हातात गेली. स्वतःच्या देशात मात्र लष्कराने आपली रचना पैसे न देता वापरली म्हणून त्याच्या कंपनीला सरकारविरुद्ध कोर्टात जावं लागलं. १८९३ साली बर्डन वारला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला १८९५ साली, तो गेल्यावर.

शेवटी आपल्या कामाचं. गावाकडच्या जुन्या वाड्यात, आजोबांच्या ट्रंकेत असं काडतूस सापडू शकतं. फोटो काढून स्टेटस ठेवायचा मोह होईल, पण ठोकून, उघडून बघू नका. किती का जुनं असेना, ते जिवंत असू शकतं. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार जिवंत काडतूस विनापरवाना बाळगणं हा गुन्हा आहे. सरळ जवळच्या पोलिस ठाण्याला कळवा. आतली भोकं एक की दोन, ते त्यांना बघू द्या.