पॉवेलची दोन पुस्तके

अमेरिकेच्या पश्चिमेकडील मुलुखाविषयी जे विपुल साहसवाङ्मय निर्माण झाले, त्यात मेजर जॉन वेस्ली पॉवेल याच्या कोलोरॅडो नदीवरील प्रवासवृत्तांताचे स्थान अढळ आहे. हा वृत्तांत १८७५ साली सरकारी अहवाल म्हणून छापला गेला. परंतु त्याची भाषा सरकारी नव्हती आणि वाचकांनीही तो कधी सरकारी कागद म्हणून वाचला नाही. तीन वर्षांनी, म्हणजे १८७८ साली, याच लेखकाचा दुसरा अहवाल प्रसिद्ध झाला. तो पश्चिमेच्या शुष्क प्रदेशातील जमिनींविषयी होता. त्यात कोसळणारे पाणी नव्हते, उंच कडे नव्हते. पावसाचे इंच, जमिनीचे एकर आणि कालव्यांचे हिशेब होते. पहिल्या पुस्तकात पॉवेलने वस्तुस्थितीला सोयीप्रमाणे थोडे वळण दिले होते. दुसऱ्यात ती जशी आढळली तशी मांडली होती. अमेरिकेने पहिले पुस्तक डोक्यावर घेतले आणि दुसरे बासनात बांधून ठेवले. त्या बासनाची किंमत कोलोरॅडोच्या खोऱ्यातील राज्ये आजही मोजत आहेत.

पॉवेलचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील माउंट मॉरिस येथे झाला. वडील इंग्लंडमधून आलेले मेथॉडिस्ट धर्मोपदेशक होते आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. पुढे हे कुटुंब ओहायो राज्यात जॅक्सन या गावी राहावयास गेले. तेथे गुलामगिरीविरुद्ध उघड बोलणे सुरक्षित नव्हते. बापाच्या मतांची शिक्षा मुलाला भोगावी लागली. शाळेतील पोरांनी त्याच्यावर दगड मारले. तेव्हा त्याला शाळेतून काढून जॉर्ज क्रुकहॅम नावाच्या शेजाऱ्याच्या स्वाधीन करण्यात आले. हा गृहस्थ शेतकरी होता, आणि त्याला दगड, वनस्पती, हाडे यांचा संग्रह करण्याचा नाद होता. शाळा सुटली हे एका परीने बरेच झाले. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा. मुलाचे मन मात्र शिंपल्यांत आणि खडकांत गुंतलेले. तीन महाविद्यालयांत जाऊनही त्याने पदवी मिळवली नाही. १८५६ साली तो एकटा होडी वल्हवत मिसिसिपी नदीने समुद्रापर्यंत गेला. नदी हीच त्याची पाठशाळा ठरली.

यादवी युद्ध सुरू होताच तो उत्तरेच्या सैन्यात दाखल झाला. ६ एप्रिल १८६२ रोजी शायलोच्या लढाईत तोफखान्याला हुकूम देण्यासाठी त्याने उजवा हात उंचावला असता त्यात गोळी घुसली. दोन दिवसांनी हात कोपराखालून कापावा लागला. त्या थोटावरचे मज्जातंतू त्याला आयुष्यभर छळत राहिले. एवढे होऊनही तो रणांगणावर परतला, आणि विक्सबर्गच्या वेढ्यात खंदकांच्या मातीतून निघणारे जीवाश्म गोळा करीत राहिला. युद्धातून तो मेजर ही पदवी घेऊन परतला आणि इलिनॉयमध्ये भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांना घेऊन तो रॉकी पर्वतात जाऊ लागला. त्याची पत्नी एमा हीसुद्धा या सफरींत असे. १८६८ साली त्याच्या तुकडीने लाँग्ज शिखर सर केले. त्या शिखरावर कोणी चढल्याची त्याआधीची नोंद नाही. पर्वतात हिंडताना त्याच्या मनात एक प्रश्न पक्का बसला. अमेरिकेच्या नकाशावर कोलोरॅडो नदीच्या मार्गात शेकडो मैलांची कोरी जागा होती. नदी त्या जागेत शिरते आणि पलीकडे बाहेर पडते, एवढेच लोकांना माहीत होते.

२४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर या स्थानकावरून दहा माणसे चार होड्यांतून निघाली. अमेरिकेच्या आरपार जाणारा लोहमार्ग दोनच आठवड्यांपूर्वी पूर्ण झाला होता. शिकागोत बांधलेल्या होड्या रेल्वेनेच येथवर आल्या. सरकारकडून मिळाली ती लष्करी कोठारातून शिधा उचलण्याची मुभा, बाकी खर्च पॉवेलने जमेल तसा उभा केला. साथीदार म्हणजे शिकारी, फासेपारधी, माजी सैनिक आणि पॉवेलचा भाऊ वॉल्टर. फेसाळत्या पाण्यात होडी चालविण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. जून महिन्यातच लोडोर घळईत एक होडी खडकावर आपटून फुटली. तीन माणसे वाचली. पण बराच शिधा आणि सर्व वायुभारमापके तिच्याबरोबर गेली. उंची मोजण्याची ही साधने गेली तर मोहिमेला अर्थच उरत नव्हता. दुसऱ्या दिवशी फुटक्या होडीच्या अवशेषांतून ती सापडली, तेव्हा माणसांनी मोठा जयघोष केला. आपल्या सहकाऱ्यांना शास्त्राची एवढी चाड आहे हे पाहून पॉवेल सुखावला. मागाहून त्याला कळले की जयघोष वायुभारमापकांसाठी नव्हता, मेजरला न सांगता होडीत दडवलेले व्हिस्कीचे पिंप सापडले म्हणून होता. ही गोष्ट त्याने स्वतःच नोंदवली आहे, आणि त्याच्या वृत्तांताची गोडी अशा जागांत आहे.

एकदा कड्यावर चढताना एकुलत्या हाताने खडकाला धरून तो असा अडकला की वर जाता येईना व खाली उतरता येईना. जॉर्ज ब्रॅडली वरच्या कंगोऱ्यावर पोहोचला होता, पण त्याच्यापाशी दोर नव्हता. त्याने अंगातली लांब चड्डी काढून खाली सोडली. पॉवेलने खडक सोडून ती पकडली आणि वाचला.

जुलैच्या आरंभी फ्रँक गुडमन हा इंग्रज मोहीम सोडून गेला. ऑगस्टच्या मध्यास उरलेले नऊ जण ग्रँड कॅनियनमध्ये शिरले तेव्हा त्यांच्याजवळ बुरसलेले पीठ, सुकवलेली सफरचंदे आणि कॉफी एवढेच राहिले होते. दोन्ही बाजूंनी मैलभर उंचीच्या भिंती, खाली गढूळ पाण्याचा लोंढा, आणि पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही. २७ ऑगस्टला ते एका भयंकर खळाळापाशी येऊन थांबले. त्या रात्री ओरॅमेल हाउलंड याने पॉवेलला बाजूला नेऊन सांगितले की आपण, आपला भाऊ सेनेका आणि विल्यम डन घळईतून वर चढून वस्ती गाठणार. पॉवेल रात्रभर वाळूत येरझारा घालत विचार करीत राहिला. सकाळी त्याने पुढे जाण्याचे ठरवले. तिघांना बंदुका देण्यात आल्या. एक होडी काठावरच सोडली. दुसरा गट मरणाकडे निघाला आहे असे दोन्ही गटांना मनापासून वाटत होते. सहा जणांनी तो खळाळ पार केला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी ते घळईबाहेर मोकळ्या मुलुखात आले. ३० ऑगस्टला व्हर्जिन नदीच्या मुखापाशी मासे धरणारे काही मॉर्मन लोक त्यांना भेटले. मोहीम बुडाल्याची वार्ता केव्हाच पसरली होती. या लोकांना प्रवाहातून काही अवशेष वाहत येतात का ते पाहण्यास सांगितलेले होते. हाउलंड बंधू आणि डन मात्र पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत.

पुढील वर्षी पॉवेल त्या पठारावर गेला. शिव्हविट्स पैयूट जमातीच्या लोकांनी त्याला सांगितले की, आपल्या एका स्त्रीची हत्या करणारे खाणवाले समजून आम्ही त्या तिघांना मारले. पॉवेलने हे कथन मान्य केले, सूड मागितला नाही, त्यांच्याच तळावर रात्री निर्धास्त झोपला. हे कथन खरे की खोटे याविषयी मतभेद आहेत. मॉर्मन वसाहतवाल्यांवर संशय घेणारेही अभ्यासक आहेत. परंतु बंदुकीची भाषा सार्वत्रिक असलेल्या त्या काळात पॉवेलचे हे वर्तन विरळाच म्हटले पाहिजे.

आता पुस्तकाविषयी. १८७१-७२ मध्ये पॉवेलने दुसरी मोहीम नेली. तिच्यात छायाचित्रकार होते, नकाशे काढणारे होते, आणि होडीच्या मध्यभागी खुर्ची बांधून मेजर तिच्यावर बसत असे. १८७५ च्या वृत्तांतात या मोहिमेतील काही प्रसंग त्याने १८६९ च्या प्रवासात मिसळून टाकले. दुसऱ्या मोहिमेतील माणसांचा उल्लेखही केला नाही. पहिल्या मोहिमेतील प्रसंगही जागचे हलवले. कड्यावरील सुटकेची गोष्ट त्याने जूनमध्ये घातली, तर ब्रॅडलीच्या दैनंदिनीत ती जुलैतली आहे. समनर आणि हॉकिन्स या साथीदारांनी उतारवयात सांगितले की हाउलंड बंधू व डन हे केवळ खळाळाच्या भीतीने गेले नाहीत, मेजरशी झालेले तंटेही त्यामागे होते. रॉबर्ट स्टँटनने त्यांच्या हकिगती गोळा केल्या आणि १९३२ साली त्या प्रकाशित झाल्या. म्हाताऱ्यांच्या आठवणींवर किती भिस्त ठेवावी हा प्रश्न आहेच. तथापि ज्यांनी प्राण पणाला लावून वल्ही मारली त्यांना पुस्तकातून वगळणे, हा दोष पॉवेलच्या पदरी घालावाच लागतो.

१८७८ च्या अहवालात असला एकही दोष नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक वसाहतकाऱ्याला १६० एकर जमीन मिळत असे. पूर्वेकडील ओल्या मुलुखात हे क्षेत्र एका कुटुंबाला पुरेसे होते. शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस मात्र बहुतेक ठिकाणी वर्षाला २० इंचही पाऊस पडत नाही, आणि तेवढ्यावर पाटपाण्यावाचून शेती भरवशाची होत नाही, असे पॉवेलने दाखवून दिले. पाणी मिळणार असेल तर ८० एकर पुरेत. पाणी नसेल तर गुरे चारण्यास २,५६० एकर लागतील. यूटामध्ये त्याने हिशेब केला तेव्हा पाटाखाली येऊ शकणारी जमीन एकूण क्षेत्राच्या जेमतेम २.८ टक्के भरली. जमिनीचे चौकोनी तुकडे पाडण्याची पद्धत सोडा, पाणलोटाप्रमाणे सीमा आखा, पाण्याचा हक्क जमिनीशी जखडून ठेवा म्हणजे तो धनिकांच्या हाती जाणार नाही, आणि पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या स्थानिक संघांकडे द्या, असे त्याचे म्हणणे होते. मॉर्मन लोकांचे सहकारी पाट त्याने डोळ्यांनी पाहिले होते. ही कल्पना हवेतली नव्हती.

परंतु काळ वेगळ्या धुंदीत होता. नांगर चालला की त्यामागोमाग पाऊस येतो, असा सिद्धान्त त्या वेळी विद्वानांच्या पाठिंब्याने प्रचारात होता, आणि योगायोगाने काही वर्षे पाऊसही बरा पडला. रेल्वे कंपन्यांना जमिनी विकायच्या होत्या, नव्या प्रदेशांना राज्याचा दर्जा हवा होता. पाणी नाही हे ऐकण्यात कोणाचाच लाभ नव्हता. अहवालातील सूचनांचे कायदे झाले नाहीत.

पॉवेलचे वजन मात्र वाढत गेले. १८७९ साली आदिवासींच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या विभागाचा तो प्रमुख झाला आणि मरेपर्यंत राहिला. यूट आणि पैयूट लोकांच्या दंतकथा त्याने स्वतः त्यांच्या तळांवर बसून टिपल्या होत्या. पैयूट त्याला थोट्या हातावरून पडलेल्या कापुरात्स या नावाने ओळखत. उत्तर अमेरिकेतील आदिवासी भाषांचे ५८ कुलांत केलेले वर्गीकरण या विभागाने १८९१ साली प्रसिद्ध केले. येथेही त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. मानवसमाज रानटी अवस्थेतून पायरी पायरीने सुधारणेकडे चढतो, ही तत्कालीन समजूत त्याने कधी सोडली नाही. ज्यांच्या कथा त्याने जिव्हाळ्याने जपल्या, त्यांना राखीव क्षेत्रांत हलवावे असा सल्लाही त्यानेच दिला. वणवे हेच लोक लावतात, त्यांना हलवले तर जंगले वाचतील, असे त्या निर्दोष अहवालातच लिहिलेले आहे. अहवालाचे आकडे निर्दोष होते. त्यातील प्रत्येक मत तसे नव्हते.

१८८१ मध्ये तो भूगर्भ-सर्वेक्षण खात्याचा संचालक झाला. १८८६-८७ च्या हिवाळ्याने गुरांचे कळप गारठवून मारले, पाठोपाठ अवर्षण आले, आणि १८८८ साली काँग्रेसला पॉवेलची आठवण झाली. धरणांच्या जागा व पाटाखाली येणाऱ्या जमिनी निवडण्याचे काम त्याच्याकडे आले. पाहणी पुरी होईपर्यंत सार्वजनिक जमिनींचे वाटप थांबले पाहिजे असा कायद्याचा अर्थ निघाला. सट्टेबाजांना दोन वर्षे वाट पाहणेही असह्य झाले. नेव्हाडाचे सिनेटर विल्यम स्ट्युअर्ट, जे आरंभी या पाहणीचे पुरस्कर्ते होते, तेच तिचे सर्वांत कडवे शत्रू बनले. १८९० साली पाहणीचा पैसा तोडण्यात आला. तीन वर्षांनी लॉस एंजेलिस येथे सिंचन परिषद भरली. सभागृह उत्साहाने भरलेले होते. पॉवेलने उठून सांगितले की, खाजगी मालकीत आधीच गेलेल्या जमिनींनाही पुरेल इतके पाणी पश्चिमेत नाही. तुम्ही पुढील पिढ्यांसाठी भांडणांचा वारसा जमवीत आहात. श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. १८९४ मध्ये त्याने संचालकपद सोडले. २३ सप्टेंबर १९०२ रोजी मेन राज्यातील हेवन येथे त्याचा अंत झाला. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने धरणे बांधण्याचा कायदा झाला होता.

१९२२ साली कोलोरॅडोच्या खोऱ्यातील सात राज्यांसाठी जलवाटपाचा करार झाला. त्यात दरसाल दीड कोटी एकर-फूट पाणी कागदावर वाटले गेले. मेक्सिकोचे १५ लाख एकर-फूट १९४४ च्या तहाने त्यात पडले. हिशेब झाला तो असाधारण ओल्या वर्षांच्या आधारे. पॉवेलच्याच जुन्या खात्यातील यूजीन ला रू हा अभियंता नदीत एवढे पाणी नाही असे सांगत होता. त्याचेही कोणी ऐकले नाही.

१९६३ मध्ये ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे बंद झाले. पॉवेलनेच नाव दिलेली ती रम्य घळई पाण्याखाली गेली आणि जलाशयाला लेक पॉवेल असे नाव देण्यात आले. तो भरण्यास १९८० साल उजाडले. २०२३ च्या आरंभी त्यात क्षमतेच्या चतुर्थांशाहूनही कमी पाणी उरले होते. या घळईतील म्युझिक टेंपल नावाच्या गुहेत १८६९ च्या उन्हाळ्यात मुक्काम पडला असताना हाउलंड बंधूंनी आणि डनने आपली नावे खडकावर कोरली होती. ती नावे लेक पॉवेलमध्ये बुडाली. ते तिघे जेथून निघून गेले, तो खळाळ त्याआधीच हूवर धरणाच्या फुगवट्यात आणि गाळात गडप झाला होता.