सूज, काटा आणि मेचनिकॉफ

पायात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकू लागते. रोमन लेखक सेल्ससने ही चार लक्षणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती. पण सूज म्हणजे शरीराची पडझड की शरीराने केलेला प्रतिकार, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. तो उलगडा करणाऱ्या इल्या मेचनिकॉफची आठवण आज निघते ती बहुधा दह्यामुळे! मला हा त्याच्यावरचा अन्याय वाटतो.

१८४५ साली खारकीवजवळ जन्मलेला हा माणूस डॉक्टर नव्हताच, तो प्राणिशास्त्रज्ञ. स्वभाव कमालीचा हळवा. पहिली पत्नी ल्युदमिला क्षयाने इतकी खंगली होती की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली, तेव्हा त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने अंथरुणाला खिळली, तेव्हा पुन्हा तेच. दोन्ही वेळा तो वाचला, ओल्गाही वाचली. त्याचे चरित्र पुढे तिनेच लिहिले.

१८८२ मध्ये ओडेसा विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून तो कुटुंबासह सिसिलीतल्या मेसिनाला गेला. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे बघायला गेली आणि हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. समोर तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्या. त्यांच्या अंगात फिरणाऱ्या पेशी पाहता पाहता मनात आले, या राखणदार तर नसतील? बागेतून गुलाबाचे काटे आणून त्याने अळ्यांना टोचले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला!

गंमत अशी, की या अळीला रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे लाली आणि ऊब ही पुढची गोष्ट. सुजेचे मूळ या पेशींच्या धावून जाण्यात आहे. पुवातल्या पेशी जंतूंना अंगभर पसरवतात, असे तेव्हाचे वैद्यक मानत होते. मेचनिकॉफ म्हणू लागला, त्या जंतूंना गिळतात. पू म्हणजे मुख्यतः त्या झुंजीत मेलेल्या पेशींचा खच.

जर्मन पंडितांना हे पटेना. संरक्षण करतो तो रक्तातला द्रव, असा त्यांचा आग्रह. १८८८ मध्ये पाश्चरने त्याला पॅरिसच्या आपल्या संस्थेत जागा दिली. तिथून तो वर्षानुवर्षे भांडत राहिला. १९०८ चे नोबेल त्याला आणि विरुद्ध पक्षातल्या पॉल एर्लिशला विभागून मिळाले. खरे तर दोघेही बरोबर होते. मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस स्वतःला टोचून घेणारा हाफकिन हा त्याचाच ओडेसातला विद्यार्थी.

उतारवयात त्याने वेगळेच खूळ घेतले. याच भक्षक पेशी म्हातारपणी आपल्याच शरीराला कुरतडतात, केसांचा रंगही पळवतात, आणि आतड्यातले जंतू त्यांना चिथावतात, असे त्याला वाटे. म्हणून रोज आंबवलेले दूध. त्यातले बरेचसे टिकले नाही. राखणदार घरावर उलटू शकतो, ही शंका मात्र वाया गेली नाही. पॅरिसमध्येच १९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पोर्तिए यांनी दाखवले, की समुद्रफुलाच्या विषाचा पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषाने मिनिटांत दगावतो. परागकणांनी येणाऱ्या शिंका, पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन ही त्याच घराण्यातली.

१९१६ च्या जुलैत हृदयविकाराने पॅरिसमध्ये तो गेला. त्याचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला.