रेषेला रंग देणारा अभियंता

नकाशावरील रेषा वाट दाखवते, एवढेच आपण शाळेत शिकतो. तीच रेषा आणखी किती सांगू शकते हे मला उमगले ते फ्रेंच अभियंता शार्ल जोझेफ मिनार यांच्यामुळे.

मिनार यांचा जन्म २७ मार्च १७८१ रोजी दीझाँ येथे झाला. रस्ते, कालवे आणि बंदरे यांच्या कामांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. १८५१ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि त्यांचे बहुतेक नामांकित नकाशे त्यानंतरचे आहेत. युरोपात येणाऱ्या कापसाचे नकाशे त्यांनी काढले. त्यांत देशागणिक रंग वेगळा, आणि जितका माल तितका पट्टा रुंद. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात हिंदुस्थानी कापसाचा पट्टा कसा फुगला, हे त्यांत दिसते. मुंबईतील कापसाच्या तेजीचा काळ तो हाच.

२० नोव्हेंबर १८६९ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी नेपोलियनच्या १८१२ च्या रशियन मोहिमेचा नकाशा प्रसिद्ध केला. एक मिलिमीटर जाडी म्हणजे दहा हजार माणसे. जाताना रेषा तांबूस, परतताना काळी. नेमान नदीपाशी ४,२२,०००, मॉस्कोत १,००,०००, आणि परत आले अवघे १०,०००. परतीच्या वाटेवरील थंडीचा आलेख त्यांनी खाली वेगळा दिला. त्यात पारा रेओम्यूर मापाने शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो.

हल्ली पायथॉन या संगणकभाषेत रेषेचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाला तापमानाप्रमाणे रंग देता येतो. मी परतीची रेषा तशी रंगवून पाहिली. चित्र देखणे झाले, पण सारा दोष थंडीच्याच माथी बसला. मिनार यांचा तांबूस पट्टा मात्र थंडी पडण्यापूर्वीच रोडावत जातो. काही तुकड्या वाटेत वेगळ्या झाल्या हे खरे, तरी भूक, रोगराई आणि लढाया यांनी उन्हाळ्यातच सैन्य पोखरले होते. रंग कशाला द्यायचा, हे ठरवतानाच आपण कारण कोणते पुढे करायचे तेही ठरवत असतो.

१८७० मध्ये प्रशियाचे सैन्य पॅरिसवर चालून आले, तेव्हा मिनार बोर्दोला गेले. तेथेच २४ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. युद्धाचा हिशेब मांडणाऱ्या या वृद्धाला अखेर युद्धानेच घर सोडायला लावले.